फाटका पडदा

मी मराठीचा प्राध्यापक. समास सोडवायला सांगाल तर सोडवीन; पण मोटारीचे बॉनेट उघडले की माझा नापास विद्यार्थी होतो. तरीही आमच्या दारात प्रीमियर पद्मिनी उभी आहे, कारण ती वडिलांची. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी त्यांनी १९८४ साली घेतली. ते गेल्यावर ती विकायचे मी ठरवले, गिऱ्हाईकही आले. आईचे मागणे एवढेच होते की, त्याआधी एकदा त्याच गाडीतून नेवाशाला जाऊन ज्ञानेश्वरीचा पैस खांब पाहावा.

गेल्या पौषात आम्ही निघालो. इमामपूरच्या घाटात गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मागून उसाचे ट्रक भोंगे वाजवू लागले. एका वाटसरूने तोड सांगितली : बाटलीतले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ओता. ओतले की गाडी सुरू होई, दोन मिनिटांत पुन्हा बंद पडे. "असेच करीत नेवासे गाठू," मी शौर्याने म्हणालो.

"अरे, पोचायचं आहे की पोळून घ्यायचं आहे?" आईने विचारले. मी बाटली खाली ठेवली.

एका टेम्पोने दोर बांधून आम्हांला परत नगरला आणले. २०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे. वडिलांच्या ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींनी पंपाला हातही लावला नाही. आधी ऑईल मोजायची पट्टी ओढून माझ्या नाकापुढे धरली.

"वास घ्या, सर."

पेट्रोलचा वास! ऑईलची पातळीही वर चढलेली.

"पंपाचा पडदा फाटलाय. पेट्रोल ऑईलमध्ये उतरतंय. तशीच नेवाशापर्यंत नेली असती, तर बेअरिंगं गेली असती. मग गाडी भंगारातच."

मग त्यांनी मला पंप शिकवला. टाकी मागे आणि खाली, कार्बोरेटर पुढे आणि वर. पेट्रोल आपण होऊन चढत नाही. म्हणून इंजिनाच्या कुशीला हा पंप. कॅमशाफ्टच्या फिरण्याने त्याचा दांडा हलतो, रबरी पडदा खाली ओढला जातो आणि पेट्रोल आत येते. स्प्रिंग पडदा वर लोटते आणि ते कार्बोरेटरकडे जाते. दोन झडपा, एक येण्याची, एक जाण्याची. विजेचे काही काम नाही.

पडदा वयाने तर थकला होताच; त्यात आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या घडणीचे रबर त्याने फुगते, पुढे चिरते. हे इथेनॉल उसापासूनही होते. आणि सहकारी साखर कारखान्याचा पाया १९५० साली आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला घातला गेला. जिल्ह्याची गोडी वडिलांच्या गाडीला अशी बाधली!

मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आता हे सुटे भाग कोण साठवणार? नव्या रबराचा पंप पुण्याहून यायला चार दिवस लागले. मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडली, पेट्रोलच्या नळीला बूच मारले, दोन नट काढले आणि जुना पंप माझ्या हाती दिला. पंप आणि इंजिन यांमधली जाड काळी चकती मी कचऱ्यात टाकणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"ती ठेवा. तिच्या जाडीवर दांडा किती दाबायचा ते ठरतं. जाड झाली तर पेट्रोल कमी, पातळ झाली तर दांड्यावर ताण."

एका काना-मात्रेने अर्थ फिरावा, तसेच हे! माझा गर्व तिथे उतरला. नवी पातळ गास्केटे लावून तीच चकती परत बसवली, ऑईल आणि त्याचा फिल्टर बदलला, सांध्यातून थेंबही गळत नाही ना हे पाहिले. दहा-बारा वेळा स्टार्टर फिरला आणि पद्मिनी बोलू लागली.

पुढच्या रविवारी आई पैस खांबापुढे हात जोडून बराच वेळ उभी होती. येताना ती काही बोलली नाही. घाट उतरताना फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होती.

गिऱ्हाईकाला मी नकार कळवला. जुना पंप माझ्या कपाटात शब्दकोशाशेजारी आहे. आणि वाचकहो, तुमच्या दारात अशी म्हातारी गाडी असेल आणि ती वाटेत अडली, तर बाटली शोधू नका. आधी ऑईलची पट्टी हुंगा.