वाघ दिसला का?

ताडोब्याहून घरी परतलं, की रिक्षावाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘वाघ दिसला का?’ नाही म्हटलं, की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी लग्नाला जाऊन न जेवता परत आलो. मित्रहो, मी तीनदा गेलो आणि दोनदा न जेवताच आलो. तरी आधी सांगायचं आहे ते त्या दोन उपाशी फेऱ्यांबद्दलच.

चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवर मोहर्लीचं प्रवेशद्वार आहे. पहाटे अंधारातच तिथं उघड्या जिप्सी रांगेत उभ्या राहतात. आमचा गाइड जवळच्याच गावातला, पंचविशीचा पोरगा. मी कविता करतो हे कळल्यावर म्हणाला, ‘म्हणजे शेर ऐकवणारे काका शेर पाहायला आले जी!’ आत गेल्यावर मी दुर्बीण डोळ्यांना लावून बसलो, तर त्यानं ती खाली घ्यायला लावली. ‘डोळ्यांनी वाघ सापडत नाही काका. कानांनी सापडतो.’

वाघ चालू लागला, की जंगल बोलू लागतं. चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखं ओरडतं, पण ते बिचारं भित्रं. पान सळसळलं तरी घाबरतं. झाडाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखा आवाज काढतं. त्याला वरून दिसतं, म्हणून त्याच्या शब्दाला थोडं जास्त वजन. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. त्याचा तो भोंग्यासारखा एकच मोठा हुंकार आला, की गाइड ताठ बसतो. सांबराची साक्ष कोर्टातही टिकावी, इतका त्यांचा तिच्यावर विश्वास.

मग रस्त्यावरची धूळ. मोठ्या नराच्या पंजाचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, मादीचा जरा लांबट. वाघ रस्त्यावरून का चालतो, असं मी विचारलं. काट्याकुट्यांपेक्षा मऊ धुळीत त्याच्या गादीदार पावलांना सुख असतं, आवाज होत नाही, आणि हद्दीवर फेरी मारायला सडक सोयीची पडते. हद्दीच्या खुणा म्हणून तो झाडांच्या बुंध्यांवर फवारा मारतो. गाइडनं एका ऐनाच्या झाडापाशी गाडी थांबवली. म्हणाला, ‘वास घ्या.’ मी नाक पुढं केलं आणि चकित झालो. अम्मीनं सुवासिक भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं, तसा वास! घरी येऊन वाचलं, तर खरंच, बासमतीला सुगंध देणारं द्रव्यच वाघाच्या त्या फवाऱ्यात असतं. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी या शास्त्रज्ञानं त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं होतं. वाघाचा वास भातासारखा येतो, हे मला कुठल्याही कवितेत सुचलं नसतं.

त्या दोन फेऱ्यांत वाघ नव्हता, पण रानकुत्र्यांची टोळी होती. हे कुत्रे एकमेकांना शीळ घालून बोलावतात आणि आपल्याहून कितीतरी मोठं सावज टोळीनं पाडतात. जगात त्यांची संख्या वाघांसारखीच थोडी उरली आहे, पण त्यांच्यासाठी कुणी ब्रेक दाबत नाही. बांबूच्या आडून काळाभोर गवा बघत होता. चौसिंगा तर क्षणभरच दिसला. चार शिंगांचं हे लहानसं हरीण भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठंच रानात नाही. आमच्या मागच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी त्याच्याकडे पाहून ‘बकरी आहे’ असं जाहीर केलं आणि गाडी पुढं घ्यायला लावली.

या घाईचं काय होतं, ते 2024 च्या 31 डिसेंबरला दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकली. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, काही चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. पण ‘जवळ घे, अजून जवळ घे’ म्हणून पाठीत बोट खुपसणारा आणि वाघ दिसला तरच बक्षिसी देणारा पाहुणा कुठल्या यादीत येतो, हे मला कळलेलं नाही.

वाघ वाचवायला देशाला बराच काळ लागला, हेही खरं. 1972 च्या मोजणीत 1827 वाघ सांगितले गेले आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तेव्हा ठसे मोजत असत. ठशांचा हिशेब किती फसवा, हे राजस्थानातल्या सरिस्कात कळलं. 2004 च्या सुमारास तिथं कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता. मग झाडांना कॅमेरे बांधून पट्ट्यांवरून वाघ ओळखायची पद्धत आली, कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. 2006 चा नवा अंदाज 1411 निघाला. 2022 मध्ये तो 3682 वर गेला. त्यात महाराष्ट्राचे 444. आनंदाचीच गोष्ट. पण एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक मोठी जनावरं लागतात, त्यांना गवत लागतं आणि गवताला जमीन लागते.

ती जमीन कुणाची, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. एप्रिलची दुपार होती. गाइड तोच. जामणीच्या मोकळ्या गवताळ माळावर वाघीण दिसली. चितळांच्या कळपापासून बरीच लांब, गवतात बसलेली, आमच्याकडे ढुंकून न पाहणारी. मी श्वास रोखून बघत होतो. गाइड हळूच म्हणाला, ‘इथं गाव होतं काका.’ जामणी गाव काही वर्षांपूर्वी जंगलाबाहेर वसवलं गेलं. घरं, शेतं गेली, गवत आलं, गवतामागून चितळ आणि चितळामागून वाघ. मी वाघ पाहत होतो तो कुणाच्या तरी अंगणात.

ताडोब्याच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला, अशी कथा आहे. या जंगलाचं नावच त्याच्यावरून पडलं. ती गोष्ट जुनी म्हणून आपण ऐकून सोडतो. पण 2021 च्या 20 नोव्हेंबरला याच जंगलात वाघांच्या गणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. ती वाघीण म्हणजे पर्यटकांची लाडकी माया, असं सांगितलं गेलं. तिची छायाचित्रं किती दिवाणखान्यांत लागलेली असतील! आणि 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या तावडीत सापडून गेल्या. मोह वेचणारा, पान तोडणारा माणूस वाकलेला असतो, बसलेला असतो. जाणकार सांगतात, अशा वेळी तो वाघाला माणूस वाटतच नाही, चार पायांचं जनावर वाटतं.

संध्याकाळी परतताना दारापासून थोड्या अंतरावर गाइडनं गाडी थांबवली आणि वाकून धूळ पाहिली. मादीचा ताजा ठसा, शेजारी दोन लहान. पावलं रस्ता ओलांडून गावाच्या बाजूला गेली होती. आम्ही पाहुणे खूश. आणखी एक वाघीण, बछड्यांसकट! त्याचा चेहरा मात्र गंभीर झाला. बाहेर पडल्याबरोबर त्यानं जमा केलेला फोन परत घेतला आणि बक्षिसीकडेही न बघता घरी लावला. त्याची आई पहाटे चारला उठून मोह वेचायला जाते.

‘आई, उद्या नाल्याकडच्या मोहाला जाऊ नको. शेजारच्या काकूलाही सांग.’

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तो म्हणाला, ‘नाही, वाघ नाही दिसला. पावलं दिसली.’