मुरलेल्या वर्षांचा वास

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो आणि पुढारीही मुरतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ज्या पेयाची सारी प्रतिष्ठा मुरण्यावरच उभी आहे, त्याच्या मुरण्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. सांगतात ते बाटलीच्या किमतीची, नाहीतर ती कोणाच्या पुतण्याने कोणत्या विमानतळावरून आणली याची. स्कॉटलंडची सिंगल मॉल्ट व्हिस्की हे ते पेय. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून काही वाचक भुवया उंचावतील. त्यांना एवढेच सांगतो की, पुढचा मजकूर पिण्यापेक्षा हुंगण्याविषयी अधिक आहे. आणि हुंगायला अजून तरी महाराष्ट्रात परवाना लागत नाही.

आधी नावाचा उलगडा करू. ‘सिंगल’ म्हणजे एकाच डिस्टिलरीत तयार झालेली. एकाच पिंपातली नव्हे. ‘मॉल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ही बार्ली, पाणी आणि यीस्ट एवढेच साहित्य. आंबवलेला रस तांब्याच्या भट्टीत बहुधा दोनदा उकळतात, आणि निघतो तो अर्क पाण्यासारखा नितळ असतो. ओकच्या लाकडाच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच भूमीवर, निदान तीन वर्षे काढल्याखेरीज कायदा त्याला स्कॉच व्हिस्की म्हणू देत नाही. हा उद्योग जुनाच. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवह्यांत १४९४ साली जॉन कॉर नावाच्या एका मठवासी साधूला ‘जीवनजल’ करण्यासाठी मॉल्ट दिल्याची नोंद आहे. ‘व्हिस्की’ हा शब्दही त्याच अर्थाच्या गेलिक शब्दावरून आलेला. अमृताची हौस सर्वत्र सारखीच, आणि त्या कामी साधूंचा पुढाकारही!

खरी गंमत पिंपाची आहे. अमेरिकेत बोर्बन व्हिस्कीसाठी दर वेळी आतून जाळलेले कोरे ओकचे पिंपच वापरावे लागते, असा कायदा आहे. एकदा वापरलेले पिंप तिथे बोर्बनला निरुपयोगी. मग थोरल्याचे कपडे धाकट्याला यावेत, तशी ती पिंपे स्कॉटलंडला जातात. काही पिंपे स्पेनच्या शेरी मद्याची सवय लागलेली असतात. आत व्हिस्की भरली की लाकूड तीन कामे करते. ते देते: रंग, तुरटपणा आणि व्हॅनिलाचा वास. ते घेते: नव्या अर्कातला गंधकाचा उग्र दर्प जळक्या थरात जिरून जातो. आणि ते श्वास घेते: लाकडातून अगदी सावकाश हवा आत येते व तिच्यामुळे फळांसारखे वास आकाराला येतात. अमेरिकन ओकमध्ये एक द्रव्य असे असते की त्याचा वास थेट खोबऱ्यासारखा येतो. कोकणी माणसाला सात समुद्रांपलीकडच्या पेल्यात माहेरचा वास यावा तो असा.

पिंप श्वास घेते तसा सोडतेही. स्कॉटलंडच्या थंड कोठारात दर वर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. तिकडचे लोक याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. दोन टक्के ऐकायला किरकोळ, पण चक्रवाढीचे गणित येणाऱ्यांनी मांडून पाहावे: वीस वर्षांत पिंपाचा तिसरा हिस्सा देवदूतांच्या पदरात पडलेला असतो. आपल्याकडचे देवदूत तर फारच हावरे. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीत ही गळती वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक. तिथे आठ वर्षे मुरलेली व्हिस्की २०१३ साली बाजारात आली, तेव्हा तिचे नावच ‘लोभी देवदूत’ अशा अर्थाचे ठेवले होते! गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल मॉल्ट होते, तिचीही गोष्ट हीच. आमच्या उन्हात व्हिस्की लवकर वयात येते. स्कॉटलंडचा ‘बारा वर्षे’ हा मापदंड तिला लावणे म्हणजे हापूस आंब्याला सफरचंदाच्या मोसमाचे नियम लावण्यासारखे आहे.

आता बाटलीवरचा आकडा. ‘१२’ किंवा ‘१८’ हा आतल्या सर्वांत तरुण थेंबाचा आकडा असतो. आणि हे वय पिंपातले, बाटलीतले नव्हे. काचेत व्हिस्की मुरत नाही. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांनी जावयाने आणलेली बारा वर्षांची बाटली कपाटात धोतरजोड्यांच्या मागे चौदा वर्षे जपून ठेवली होती. “आता सव्वीस वर्षांची झाली ती,” असे ते अभिमानाने सांगत. एकसष्टीला काढायची ती पंचाहत्तरीवर गेली. उघडली तेव्हा बूच भुसभुशीत होऊन मोडले, त्याचे तुकडे आत पडले, आणि चाळणीने गाळून घेतलेली ती व्हिस्की मनुष्यवर्षांच्या हिशेबाने कितीही असली तरी बारा वर्षांचीच निघाली. ज्यांच्याकडे अशी बाटली असेल त्यांनी ती उभी ठेवावी, उन्हापासून जपावी, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यासाठी राखली आहे ती माणसे असेतोवर उघडावी.

वय वाढले म्हणजे चव वाढलीच, असेही नाही. फार काळ राहिली तर लाकूडच बोलू लागते. व्हिस्की गप्प होते. पेल्यात मग जुन्या कपाटाचा कडवटपणा तेवढा उरतो. शिवाय मद्यार्क घटत घटत ४० टक्क्यांखाली गेला, तर तिला व्हिस्की म्हणण्याचा हक्कही जातो. माझे स्वतःचे मत विचाराल तर बारा ते अठरा या वयात ती सर्वांत शहाणी असते. पुढच्या आकड्यांत पैसे दुर्मिळतेचे मोजावे लागतात, चवीचे नव्हेत.

या दुर्मिळतेची एक कहाणी मात्र चटका लावते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, आयला. (उच्चार असाच आहे, लेखकाचा त्यात दोष नाही.) तिथली पोर्ट एलन ही डिस्टिलरी १९८३ साली बंद झाली. मागणी घटली होती, कोठारे तुडुंब भरली होती. त्याच वर्षी उत्तरेकडची ब्रोराही बंद झाली. कामगार घरी गेले. पिंपे मात्र अंधारात आपले काम करीत राहिली. पुढे तीच व्हिस्की बाटल्यांत भरून निघाली तेव्हा जगभरचे शौकीन तिच्यावर तुटून पडले, आणि एकेका बाटलीला तिथल्या कामगाराच्या कैक महिन्यांच्या पगाराएवढी किंमत आली. ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. फणस आजोबा लावतात आणि गरे नातू खातो, हे खरे. पण आजोबांना निदान झाड तोडायला तरी कोणी सांगितलेले नसते.

असो. आता प्रत्यक्ष आस्वाद. हा शब्द आम्ही मराठीचे मास्तर कवितेसाठी राखून ठेवला आहे, पण मुळात तो जिभेचाच. पेला खाली फुगीर व वर निमुळता घ्यावा. व्हिस्की दोन चमचे, बर्फ नाही. गारव्याने वास गोठतो. रंगावर भुलू नये, कारण साखर जाळून केलेला रंग घालायला कायद्याची मुभा आहे. नाक एकदम आत खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून लांबून हुंगावे. मग थोडे पाणी घालावे. पाणी घालणे म्हणजे अरसिकपणा, हा आपल्या मंडळींचा गैरसमज आहे. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडून दाखवले की, पाण्याने मद्यार्क पातळ झाला म्हणजे धुराच्या वासाचे ग्वायाकोल हे द्रव्य पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजे नाकाच्या जवळ येते.

आयला बेटावरचीच सोळा वर्षांची लागाव्हुलिन घ्या. तिथे मॉल्ट वाळवताना पीट नावाची दलदलीतली माती जाळतात. पहिल्या वासाला दवाखान्यातले टिंक्चर आयोडीन आठवते आणि माणूस दचकतो. थांबावे. मग विझत आलेली चूल, ओले गोणपाट, मागाहून काळ्या मनुका आणि काकवी. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९७९ साली अशा वासांचे नावांसह एक चक्रच तयार केले. त्यांच्या लेखी नाताळचा केक असतो, रानातली हेदर फुले असतात. ती आपण पाहिलेली नाहीत. मग ‘हेदरचा मंद सुगंध’ असे पुस्तकी कौतुक आपण का करावे? आपल्या नाकाला भाजलेली सुपारी, केशराचे दूध, देवघरातला धूप, पहिल्या पावसातले कौल यांची ओळख आहे. तीच नावे घ्यावीत.

पेला रिकामा झाला की लगेच धुवू नये, असे जाणकार सांगतात. वरून बशी झाकून तो रात्रभर ठेवावा. मद्यार्क उडून जातो आणि सकाळी तळाशी उरतो तो निव्वळ लाकडाचा, मधाचा आणि धुराचा वास. कित्येकांच्या मते सर्वांत प्रामाणिक. आमच्या घरी हा प्रयोग अद्याप एकदाही तडीस गेलेला नाही, कारण सकाळी साडेसहाला भांडी घासायला येणाऱ्या मावशी पेला आणि बशी यांच्यात भेदभाव करीत नाहीत.