दंड, मुद्रा आणि छत्र

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आपल्या प्रिय मुक्तांबाच्या स्मरणार्थ येथे अन्नछत्र उभारले. वाटसरूंना अन्न, मुलांना शिक्षण आणि आजाऱ्यांना औषध देणाऱ्या या संस्थेचा संस्थापक तेव्हा जवळजवळ नामधारी राजा होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजाकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक १ लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा एकपंचमांश वाटा एवढेच उरले. सिंहासन, चामरे, चोपदार हा सारा थाट मात्र पूर्वीप्रमाणेच चालू होता.

सत्तेची चिन्हे आणि प्रत्यक्ष सत्ता यांतील हे अंतर आज पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे भारतीय नौदलाने जुलै २०२३ मध्ये दिलेला एक आदेश. अधिकाऱ्यांनी आणि नौसैनिकांनी हाती छडी बाळगण्याची प्रथा त्या आदेशाने तत्काळ बंद केली. हातातील छडीतून अधिकार मिरवणे हा वसाहतकाळाचा वारसा असून आजच्या नौदलात त्याला स्थान नाही, अशी भूमिका नौदलाने घेतली. तथापि दंड पूर्णपणे हद्दपार झाला नाही. प्रत्येक आस्थापनेच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक मानदंड ठेवावा आणि पदभार सोपवताना तो समारंभपूर्वक नव्या प्रमुखाच्या हाती द्यावा, अशी तरतूद करण्यात आली.

या आदेशाचे मर्म त्याच्या उत्तरार्धात आहे. काखेत धरलेली छडी व्यक्तीची असते; कार्यालयात ठेवलेला दंड पदाचा असतो. माणसे येतात आणि जातात, दंड तेथेच राहतो. ज्याने तो स्वीकारला त्याला एक दिवस तो परत करावा लागणार आहे, ही जाणीव तो रोज डोळ्यांसमोर ठेवतो. मराठीत ‘पदभार’ या शब्दात ‘भार’ आहे, हे आपण सहसा विसरतो.

युरोपात फील्डमार्शलचा दंड हे सर्वोच्च सेनाधिकाराचे चिन्ह मानले गेले आणि ती परंपरा ब्रिटिशांमार्फत आपल्याकडे आली. मराठी राज्यात सेनापतीच्या मानाची चिन्हे निराळी होती. जरीपटका हे सैन्याचे निशाण होते, तर पदाचा अधिकार वस्त्रांनी आणि शिक्के-कट्यारीने प्रदान होई. १७१३ मध्ये मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना आणि १७२० मध्ये मसूर येथे पहिल्या बाजीरावांना पेशवाई मिळाली ती याच रीतीने. कट्यार शस्त्राची खूण, तर शिक्का कागदाची. हुकूम द्यायचा तर तो लिहून, त्यावर मुद्रा उमटवून द्यायचा. उमटलेली मुद्रा मागाहून नाकारता येत नाही. शस्त्राच्या जोडीला दप्तर ठेवणाऱ्या या परंपरेत उत्तरदायित्वाचे बीज होते.

चिन्हाची मर्यादाही याच इतिहासात दिसते. १७७४ मध्ये सवाई माधवरावांना अवघ्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. ती देणारे साताऱ्याचे छत्रपती तोपर्यंत नाममात्र उरले होते आणि घेणारा पाळण्यात होता. तरीही दौलत सावरली, कारण बारभाईंनी कारभार पेलला. पदामागे कर्ती व्यवस्था उभी असेल तर चिन्ह तान्ह्या मुलाच्या हातीही सुरक्षित राहते. ती नसेल तर जाणत्या माणसाच्या हातीही ते पोकळ ठरते.

स्वतंत्र भारतातील एक उदाहरण याहून बोचणारे आहे. सॅम माणेकशा यांना जानेवारी १९७३ मध्ये फील्डमार्शल हे पद मिळाले. हे पद तहहयात असते; त्यावरील अधिकारी औपचारिक अर्थाने निवृत्त होत नाही. पदाचा दंड त्यांना राष्ट्राने सन्मानाने दिला. पण त्या पदानुसार देय असलेल्या वेतनाची सुमारे १.३ कोटी रुपयांची थकबाकी त्यांच्या हाती पडली ती २००७ मध्ये. पुढच्याच वर्षी २७ जून २००८ रोजी तमिळनाडूतील वेलिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. दंड एका समारंभात मिळाला. त्याचा हिशेब पुरा व्हायला चौतीस वर्षे लागली. फील्डमार्शलची ही कथा असेल, तर निवृत्तिवेतनाच्या त्रुटीसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवणाऱ्या सामान्य जवानाची काय असेल, याची कल्पना प्रशासनात आयुष्य काढलेल्या कोणालाही करता येईल.

म्हणूनच प्रतीकांच्या शुद्धीकरणावर आपण समाधान मानू नये. मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे गेले. त्यामागची वृत्ती त्याच दिवशी गेली, असे कोणी म्हणणार नाही. नौदलाने २०२२ मध्ये ध्वजावर आणि पुढल्या वर्षी ॲडमिरल पदांच्या स्कंधचिन्हांवर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची प्रेरणा आणली, हे उचितच झाले. मात्र ती मुद्रा स्वतःविषयी काय सांगते, हेही ध्यानी घ्यावे. ती लोककल्याणासाठी आहे, असे तिच्यावरच कोरलेले आहे. चिन्ह स्वीकारले की त्यावरील वचनही स्वीकारावे लागते.

तमिळ परंपरेनेही हाच निकष लावला आहे. जुन्या तंजावर मुलखातील तिरुवावडुतुरै मठाने १९४७ मध्ये पंडित नेहरूंना दिलेला सेंगोल २०२३ मध्ये नव्या संसद भवनात स्थापित झाला. त्या घटनेच्या अर्थावरून बराच वाद झाला. शब्दाच्या अर्थाविषयी मात्र वाद नाही. सेंगोल म्हणजे सरळ दंड. तिरुक्कुरळमध्ये न्यायी राज्याला सरळ दंडाचे आणि जुलमी राज्याला वाकड्या दंडाचे राज्य म्हटले असून दोहोंवर स्वतंत्र अध्याय आहेत. दंड सोन्याचा आहे की लाकडाचा, हा प्रश्न तेथे गौण आहे.

तेव्हा नौदलाच्या मानदंड-हस्तांतराला एक जोड द्यावी, असे सुचवावेसे वाटते. दंड सोपवताना त्या आस्थापनेतील प्रलंबित निवृत्तिवेतन प्रकरणे, तक्रारी आणि अपुरी राहिलेली कल्याणकामे यांची यादी जाणाऱ्याने वाचून दाखवावी आणि येणाऱ्याने तिच्यावर सही करावी. खर्च काहीच नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या कार्यभार हस्तांतरातही हे करता येईल. दंडासोबत दप्तर गेले, तर तो दंड सरळ राहण्याची शक्यता वाढते.

सरफोजींनी कंपनीकडे जी थोडी मागणी लावून धरली, तीत ही छत्रे आपल्याच व्यवस्थेत राहावीत हा आग्रह होता. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांतील भोजनाचे, शिक्षकांचे, वैद्यांचे आणि निराधार मुलांच्या सांभाळाचे वर्णन येते. अन्नछत्रातील ‘छत्र’ हा शब्द मुळात ‘सत्र’ या शब्दावरून आला, असे भाषेचे जाणकार सांगतात. राजाच्या मस्तकावरील छत्राशी त्याचे नाते नाही. पण तंजावरच्या बाबतीत इतिहासाने ते नाते जोडून दिले. १८५५ मध्ये शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि डोक्यावरचे छत्र गेले. ओरत्तनाडुचे छत्र मात्र त्या राजवंशाची आठवण आजही सांभाळून आहे.