ताप उतरला, तरी रिपोर्ट बघा

पावसाळ्यात आपल्या मुरबाड-शहापूरकडे कुणाला डेंग्यू झाला की घरोघरी एकच प्रश्न, प्लेटलेट किती? पण सीबीसीच्या रिपोर्टमध्ये सहसा आधी घसरतात त्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या राखणदार. त्या ४,०००च्या खाली जात राहिल्या आणि पाठोपाठ प्लेटलेटही भराभर उतरल्या, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा धोका जवळ आला समजा. हे बहुधा ३ ते ७ दिवसांत, नेमकं ताप उतरताना होतं. आपण मात्र तेव्हाच उठून भाकऱ्या थापायला बसतो! पोट फार दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, लगेच ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि तापावर पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, ब्रुफेन अजिबात नको.