लँकेशायरची वाफ, मोखाड्याचा राब

उन्हाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या डोंगरउतारावर राब भाजतात. ऐनाची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून वाळवायची, शेण, गवत, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. माती तापते, तणाचं बी मरतं, राख मुरते. पाऊस पडला की तिथेच नाचणी-वरईचं बी फेकायचं. रोपं तरारतात, मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. या राखेचा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांशी संबंध आहे, आणि तो उलगडत जातो तसा मी थक्क होतो.

ब्रिटनमध्ये यंत्रांनी हातमाग मोडला. गावची गायरानं कुंपणात गेली, माणसं गिरण्यांकडे वळली. १८५१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त इंग्लंड शहरी निघालं. हे सुखासुखी झालं नाही. १८११ पासून कारागीर रात्री यंत्रं फोडत होते आणि १८१२ मध्ये संसदेने त्यासाठी चक्क फाशी ठरवली!

गिरण्यांना कापूस हवा, कापूस बंदरात आणायला रेल्वे हवी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६५ मध्ये रूळ थळ घाट चढून इगतपुरीला पोचले, म्हणजे मोखाड्याच्या शेजारीच. मैलभर रुळांना १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. शिवाय वाढत्या मुंबईला सरपण आणि कोळसा ठाण्याच्या रानांतून जाई. झाड आता सरकारला मोलाचं झालं. १८६४ मध्ये वनखातं आलं, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या. शेजारचं जव्हार मुकणे राजांचं संस्थान होतं. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात, ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे तिथे हा कायदा थेट लागू झाला.

काल जो रिवाज होता तो आज गुन्हा ठरला. कवळं तोडली की दंड. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष पेटला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला, आणि त्याच्यापुढे राबावर खल झाला. मँचेस्टरच्या भोंग्याने सुरू झालेला झगडा ऐनाच्या डहाळीपाशी येऊन ठेपला होता. इंग्लंडच्या शेतकऱ्याचं गायरान कुंपणात गेलं, मोखाड्याच्या वारली-कोकणा आदिवासींचं रान राखीव झालं. मला हा एकच घाव वाटतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जव्हार-मोखाड्यात कसत्या जमिनींचे दावे दाखल झाले. अशा दाव्यांना वनखात्याने पूर्वी फाडलेल्या दंडाच्या पावत्याही पुरावा म्हणून जोडतात.