‘न्यायी न्यायाधीशां’ची प्रतिकृती

बेल्जियममधील गेंट शहराच्या सेंट बाव्हो कॅथीड्रलात, हुबर्ट आणि यान व्हान आयक या बंधूंनी रंगविलेले व १४३२ साली पूर्णत्वास गेलेले जे भव्य वेदिचित्र आहे, त्यातील अश्वारूढ ‘न्यायी न्यायाधीशां’चा डावीकडील फलक हा मूळ नसून विसाव्या शतकातील हातनक्कल आहे, हे दर्शनार्थींपैकी पुष्कळांच्या ध्यानीही येत नसावे. मूळ फलक एप्रिल १९३४ मध्ये रातोरात चोरीस गेला; दहा लाख फ्रँकांची खंडणी मागणाऱ्याने त्याच्या जोडीचा दुसरा फलक तेवढा परत केला, हा मात्र आजतागायत सापडलेला नाही.

चित्रांच्या जीर्णोद्धारात मुरलेल्या येफ व्हान डर व्हेकेन यांनी १९३९ मध्ये, एका जुन्या कपाटाची सुमारे दोनशे वर्षांची फळी घेऊन, रिकामी जागा भरून काढण्याचे काम आरंभिले. सोळाव्या शतकात स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी मिखिल कॉक्सीने केलेली संपूर्ण वेदिचित्राची नक्कल त्यांना आधारास होती. ओकच्या फळीवर खडू व सरस यांचा गुळगुळीत शुभ्र थर, आणि त्यावर तैलरंगांचे असे विरळ, पारदर्शक लेप, की खालच्या शुभ्रतेवरून परावर्तित झालेला प्रकाश रंगातूनच उमटावा, ही व्हान आयकांची रीत. ती साधावयास डोळ्यांइतकेच धैर्य लागते. जुनेपणाची झाक यावी म्हणून व्हान डर व्हेकेन यांनी अखेरीस मेणाचा हात दिला. काम १९४५ मध्ये संपले.

एका न्यायाधीशाला मात्र त्यांनी बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याची चर्या दिली, आणि माझ्या मते या प्रामाणिक फरकामुळेच ही नक्कल बनावटगिरीपासून निराळी ठरते.