सर्व्हरची हार्ड डिस्क का मंदावते?

पेढ्या, कारखाने, रुग्णालये व कचेऱ्या यांचे हिशेब पूर्वी चोपड्यांत राहत. आज ते सर्व्हर नावाच्या संगणकात राहतात. एका सर्व्हरवर अनेक माणसांचे काम एकाच वेळी चालते, म्हणून तो मंदावला की साऱ्या कचेरीचे काम अडते. अशा वेळी डिस्क जुनी झाली, ती बदलावी, असा निर्णय घाईने घेतला जातो. परंतु मंदपणा हे केवळ लक्षण आहे. तापाचे कारण न शोधता दिलेले औषध जसे वाया जाते, व क्वचित अपायही करते, तसेच येथेही घडते.

यांत्रिक मर्यादा

हार्ड डिस्कच्या पोटात चुंबकीय लेपाच्या तबकड्या अखंड फिरत असतात आणि त्यांना स्पर्श न करता वाचन-लेखन करणारी शीर्षे त्यांवरून सरकतात. आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या. तिच्यात हवी ती नोंद गाठण्यास सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यानंतर डिस्कची साठवणशक्ती लक्षावधी पटींनी वाढली. नोंद गाठण्याचा काळ मात्र पन्नासएक पटींनीच कमी झाला.

याचे कारण साध्या गणितातून कळते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा होतो. हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. आणि शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे ८ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या नोंदी अशी डिस्क सेकंदाला ८० च्या आसपासच वाचू शकते. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची धरली, तर सेकंदाला अवघे ३२० किलोबाइट हाती येतात. सलग मांडलेली मोठी फाइल मात्र हीच डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगानेही वाचू शकते. दप्तरखान्यातील शिपायाला एकाच फळीवरील सारे रुमाल आणण्यास सांगितले तर तो ते झटपट आणतो. प्रत्येक कागदासाठी निराळ्या कपाटाकडे धाडले तर त्याचा दिवस चालण्यातच जातो. अनेकांच्या मागण्या एकदम झेलणाऱ्या सर्व्हरची गत अशीच होते.

निदानाचा क्रम

सर्वप्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे व ती पुन्हा उघडता येते, याची खात्री करावी. आजारी डिस्कवर जड चाचण्या घेतल्यास ती त्या ओझ्यानेच निकामी होऊ शकते.

त्यानंतर, मंदपणा जाणवत असतानाच मोजमाप करावे. लिनक्स प्रणालीत आयओस्टॅट व विंडोज प्रणालीत परफॉर्मन्स मॉनिटर ही साधने त्यासाठी आहेत. दोन आकडे पाहावेत : एका मागणीला उत्तर मिळण्यास लागणारा काळ आणि सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या मागण्यांची संख्या. उत्तर १० ते २० मिलिसेकंदांत मिळत असेल, तर ती डिस्क बहुधा निर्दोष असते. दोष नेटवर्कमध्ये वा कार्यक्रमात शोधावा. काळ मोठा व मागण्याही पुष्कळ असतील, तर डिस्कवर भार अधिक आहे. काळ मोठा पण मागण्या थोड्या असतील, तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडली असण्याचा संभव असतो.

भाराची कारणे पुष्कळदा घरचीच असतात. प्रती काढण्याचे वा विषाणू तपासण्याचे काम कचेरीच्या वेळेत चालते. ते रात्री न्यावे. सर्व्हरची स्मृती अपुरी असल्यास तो तिचा भाग वारंवार डिस्कवर ठेवतो व परत आणतो. तेथे स्मृती वाढवणे हाच उपाय होय. अनेक डिस्कांची रेड ५ पद्धतीने जुळणी केलेली असेल, तर एका लहान लेखनासाठी दोन वाचने व दोन लेखने अशा चार क्रिया घडतात. शिवाय बदललेल्या डिस्कवर माहितीची पुनर्रचना चालू असेपर्यंत सारी जुळणी संथ राहते.

बिघडत चाललेली डिस्क खराब जागा पुनःपुन्हा वाचू पाहते आणि तिच्यामुळे निरोगी डिस्कांनाही ताटकळावे लागते. स्मार्ट या स्वयंतपासणीच्या नोंदीत बदललेल्या किंवा वाचता न आलेल्या खंडांची संख्या वाढत असल्यास ती डिस्क विनाविलंब बदलावी. हादरेही बाधक ठरतात. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कांसमोर मोठ्याने ओरडून दाखवले, तेव्हा त्यांचा उत्तरकाळ तत्क्षणी वाढल्याचे आलेखात उमटले.

एक घातक उपाय

केवळ लेखनच एकाएकी मंदावले, तर जुळणी सांभाळणाऱ्या नियंत्रकाची बॅटरी तपासावी. नियंत्रक नोंद आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि 'लिहिले' असे कळवून मागाहून ती डिस्कवर उतरवतो. वीज गेली तर ही स्मृती बॅटरीच्या आधाराने टिकते. बॅटरी निकामी होताच बहुतेक नियंत्रक ही सोय आपण होऊन बंद करतात. म्हणून वेग घटतो. तो परत मिळावा म्हणून कोणी बॅटरीविना ही सोय बळेच चालू केली, तर वेग येतो खरा. परंतु वीज जाताच 'लिहिलेल्या' पावत्या व औषधांच्या नोंदी नाहीशा होतात. योग्य उपाय बॅटरी बदलण्याचाच आहे.

फिरते भाग नसलेली सॉलिड-स्टेट डिस्क विखुरलेल्या नोंदी सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचते व यांत्रिक विलंब तेथे उरत नाही. तथापि दोष नेटवर्कचा असेल तर तिच्यावरचा खर्च व्यर्थ जातो. आधी प्रत, मग मोजमाप व शेवटी उपचार, हा क्रम पाळणाऱ्या कचेरीचा पैसाही वाचतो आणि हिशेबही.